सभासद क्रमांक एक

अदेरितो सेर्केइरा पोर्तुगालमधल्या पेनिशेच्या फुटबॉल क्लबकडून चौदा हंगाम मधल्या फळीत खेळला आणि चौदा हंगामांत त्याने तीन गोल केले. त्यातला एक आपल्याच जाळ्यात. त्या जागेवरच्या खेळाडूला तिकडे 'कडी' म्हणतात. दार उघडं राहिलं तर शिव्या कडीला, बंद राहिलं तर कडीची आठवण कुणाला? पहाटे मासळीच्या लिलावात पेट्या उचलायच्या, दुपारी सराव. लिस्बनच्या एका क्लबने एकदा नेला, वर्षभर बाकावर बसवला आणि परत पाठवला. तो गेला होता हेच गावात निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं.

गावाला आठवतो तो झेफेरिनो. तो पुढे खेळायचा. अदेरितोने चिखलातून बॉल काढून द्यायचा आणि याने तो जाळ्यात घालून हात पसरत पळायचं. राबायचं एकाने, फोटो दुसऱ्याचा! अदेरितो म्हणतो, आपल्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मला काही ते पटत नाही. पण जीव होता एकमेकांवर, हे मात्र खरं.

दहाव्या वर्षी दोघे एकाच दिवशी क्लबचे सभासद झाले होते. झेफेरिनो सहाशे अकरा, अदेरितो सहाशे बारा. दर काही वर्षांनी क्लबची यादी नव्याने लागते. मेलेले, सोडून गेलेले गळतात आणि बाकीचे वर सरकतात. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. असे सरकत सरकत गेल्या यादीत झेफेरिनो एक झाला आणि अदेरितो दोन.

अडचण एवढीच होती की एक नंबरचा माणूस जिवंत नव्हता.

झेफेरिनो बांधकामावर लक्झेंबर्गला गेला तो तिकडचाच झाला. पण दर रविवारी सामना संपला की त्याचा फोन यायचा. "काय रे कडी, जिंकलो का?" दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोन आला तो त्याच्या बायकोचा. अदेरितोने ती बातमी कुणालाच सांगितली नाही. घरात सांगण्यासारखं कुणी नव्हतंच, त्याची स्वतःची बायको ओदेत जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याला वाटलं, नाव खोडलं गेलं की झेफेरिनो खरंच मरेल. म्हणून दर महिन्याला तो क्लबात जायचा आणि नेहमीसारखी दोघांची वर्गणी भरायचा.

कचेरीतल्या ग्रासिएतबाई विचारायच्या, "लक्झेंबर्गकर काय म्हणतात?"

"गुडघा धरलाय त्याचा."

पुढच्या महिन्यात गुडघ्याला सूज आली. मग डॉक्टर बदलला. नातू झाला, नातवाला डावा पाय चांगला आहे असं निघालं. खोटं बोलता बोलता अदेरितोला त्याची गोडी लागली. महिनाभरात मोकळेपणी बोलायची ती पाच मिनिटंच त्याच्या वाट्याला यायची.

यंदा मात्र ग्रासिएतबाई त्याला पाहताच खुर्चीतून उठल्या.

"सेन्योर अदेरितो, बरे आलात! वर्धापनदिनाला झेंडा एक नंबरच्या सभासदाने चढवायचा. विमानाचं तिकीट क्लब काढतोय!"

"त्याला जमायचं नाही. गुडघा..."

"मग चाकांची खुर्ची आणू."

"थंडी सोसत नाही त्याला."

"अहो, मे महिना आहे! बरं, फोन लावून द्या. मैदानात भोंग्यावर आवाज तरी ऐकवू लोकांना. लावा आत्ताच."

त्यांनी फोन त्याच्यापुढे सरकवला. अदेरितो फोनकडे बघत राहिला. नंबर त्याला तोंडपाठ होता.

"तो गेलाय," तो म्हणाला.

"कुठे?"

"मेलाय, दोना ग्रासिएत. फेब्रुवारीत दोन वर्षं झाली."

बाई हळूच खाली बसल्या. त्यांनी विचारलं, "मग तो गुडघा?"

"माझा."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी वही काढली, पट्टी ठेवून एका नावावर सरळ रेघ ओढली आणि म्हणाल्या, "मग आता एक नंबर तुम्हीच."

ते शब्द त्याला लागले. बाईंनी ते मानाने म्हटले होते, तरी लागले.

वर्धापनदिनाला ओदेतने घेतलेला जुना कोट घालून त्याने झेंडा चढवला. वाऱ्याने दोरी हातातून ओढली जात होती. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक पुढे केला. "दोन शब्द बोला, सेन्योर अदेरितो!"

त्याने समोर पाहिलं. सगळी तरुण माणसं. त्याला खेळताना पाहिलेलं त्यांत कुणीही नव्हतं.

"मी मधे खेळायचो," तो म्हणाला. "बॉल आला की मान वर करायची, पुढे कोण आहे बघायचं, आणि द्यायचा. एवढंच येतं मला." त्याने मान वर केली. "आता पुढे कुणीच नाही."

लोकांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. सगळे दिलखुलास हसले आणि टाळ्या वाजवू लागले.