चटई होणारी पिशवी

नानांच्या हातात कुठलंही पाकीट दिलं की ते आधी त्याच्या कोपऱ्यात नख घालायचे. आत काय आहे, ते नंतर. एकाचे दोन थर सुटले की तोंड वाकडं करून म्हणायचे, "याची चटई होणार नाही."

जळगावात जुनं प्लास्टिक वितळवून चटया विणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्या छापखान्यात नाना पाकिटांची आखणी करायचे आणि मी गिऱ्हाइकं आणायचो. गिऱ्हाइकाला आतून चंदेरी, चकचकीत पाकीट हवं असायचं. वेगवेगळे थर एकत्र वितळत नाहीत म्हणून भंगारवाला ते घेत नाही, आणि म्हणून नाना ते करायचे नाहीत. उन्हातान्हात फिरून मी आणलेलं गिऱ्हाईक हा माणूस व्याख्यान देऊन पिटाळायचा. डोक्याला नुसता ताप होता.

शेवटी धुळ्याच्या एक अक्का भेटल्या. त्यांचा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा धंदा. वाळलेल्या बिबड्यांना चंदेरी थर कशाला, हे त्यांना पटलं. एकाच प्लास्टिकची, वर कागद न चिकटवलेली पिशवी छापली गेली आणि नानांनी सगळ्यांना पेढे वाटले.

पुढे त्या पिशव्या भंगारात येतात का, ते बघायला त्यांनी मला धुळ्याला ओढत नेलं. भंगाराच्या दुकानात एकही नव्हती. बायकांनी त्या धुऊन त्यांत डाळ, मिरचीपूड भरून ठेवली होती. नाना घरोघर जाऊन पिशव्या फेका म्हणून सांगत सुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "नाना, इतली चांगली पिशवी शे, कसाले फेकू?"

परतीच्या एसटीत नाना गप्प होते आणि मला त्याचा आनंदच झाला.

गेल्या वर्षी ते दवाखान्यात होते. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, त्यांच्या गोळ्या नेमक्या त्याच पिशवीतून आणल्या. आता व्याख्यान ऐकावं लागणार म्हणून मी उठलोच. पण नाना काकूंना एवढंच म्हणाले, "माझ्यामागे तरी हिला भंगारात दे."

ते गेले. नंतर मी भेटायला गेलो तेव्हा भंगारवाला दारात होता. काकूंच्या हातून पिशवी सुटत नव्हती.

"हिची चटई होईल ना, भाऊ?" त्यांनी मला विचारलं.

होईल म्हणालो. काकूंनी पिशवी दिली. भंगारवाल्याने ती उलटसुलट पाहिली, तिच्यात आपली तंबाखू ठेवली आणि खिशात घालून गाडी ढकलत निघाला.

मी भर गल्लीत त्याच्यामागे पळत सुटलो. "भाऊ, वापरू नका तिला," मी ओरडत होतो, "वितळवा."