चामोर्शीवालीचा डूख

चामोर्शीवाली कुणाला माफ करीत नसे. नागपूरच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. मी चांद्याची, ती चामोर्शीजवळच्या खेड्यातली. मेसमधल्या बाईने एकदा तिला वाढताना नाक मुरडलं, तर कॉलेज सुटेपर्यंत तिने त्या बाईच्या हातचं वरण घेतलं नाही. कोरडा भात गिळायची. दुसऱ्या एकीने तिच्या ‘मले-तुले’ची नक्कल केली. त्या दिवसापासून तिच्याशी चामोर्शीवाली फक्त पुस्तकी मराठीत बोलू लागली. “आपण स्नानास निघालात वाटतं?” पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “अगं, माझ्याशी माणसासारखं बोल ना!” उत्तर आलं, “ते आता होणे नाही.”

ज्यांच्यावर जीव, त्यांच्यावर मात्र सगळं ओवाळून टाकायची. गावाहून पोहे आले की पिशवी माझ्याच खाटेवर उपडी. “खाय, लाजून काऊन राह्यली?”

एम.ए.ला तिने विषय घेतला भिंतींचा. तिच्याकडे लग्नघरात बाया लाल मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. नवरी कुठल्या घराण्याची, मामा कुठला, आजी हयात आहे की नाही, हे सगळं जाणत्या बाईला भिंतीकडे पाहून कळतं. “आमच्याकडली भिंत बोलते,” ती मला चिडवायची, “तुमच्या चांद्याची नुसती उभी राह्यते.” सुट्टीत ती घरोघर हिंडली, आईला आणि काकीला विचारून एकेका आकृतीचं नाव आणि अर्थ लिहून काढला. तो प्रबंध पुरा झाला तेव्हा ती खोलीत नाचली होती.

मार्गदर्शक सरांनी तो प्रबंध, हाताने लिहिलेली एकुलती प्रत, वाचायला म्हणून ठेवून घेतला. “अजून कच्चा आहे,” एवढंच महिनोन्महिने म्हणत राहिले. मग एका सभेत त्यांनी तोच व्यासपीठावरून स्वतःचा म्हणून वाचला. आम्ही दोघी मागच्या बाकावर होतो. टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती शांत होती. खोलीवर आल्यावर मी म्हटलं, तक्रार कर. “कोनापाशी? सारे त्याच्याच पंगतीतले. आन् रडून काय होते, त्याचं काय जाते?” सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना छापील नावाची फार हौस होती. निदान माझ्या हातून ती पुरवायची नाही.

पुढच्याच आठवड्यात ती सरांकडे गेली, हात जोडून म्हणाली, “सर, छान वाचलंत. पुस्तक काढायच्या आधी एकदा आमच्या गावाला या.” लग्नसराईत सर आले, गळ्यात कॅमेरा अडकवून. मीही होते. प्रबंधातला प्रत्येक अर्थ त्यांनी बायांना विचारला आणि प्रत्येक वेळी तिच्या काकीने कपाळावर हात मारला. “आमच्या पोरीनं चुकीचं लिवलं जी. तिले काय समजते?” मग काकी तोंडाला येईल ते सांगे आणि बाकीच्या बाया माना डोलवत. सर खूश होऊन प्रबंधातले चामोर्शीवालीचे शब्द तिच्यादेखत खोडत गेले. ती मान खाली घालून उभी. शेवटी त्यांना जानोशाची भिंत दाखवली. वरपक्ष उतरतो त्या घराच्या भिंतीवर नवरीकडच्या बाया थट्टेने अधाशी व्याही काढतात: मोठं पोट आणि ‘अजून वाढा’ म्हणून पसरलेले दोन हात. “हा आमचा कुळदेव,” काकी म्हणाली. सरांनी चपला काढल्या.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर व्याही. चामोर्शीच्या बाजारात बाया पोट धरधरून हसल्या. नागपुरात मात्र कुणी हसलं नाही. सरांना हारतुरे मिळाले आणि हिला पदवी मिळाली नाही. पुढे शाळांच्या संमेलनात मुली रांगोळीत तोच व्याही काढू लागल्या आणि पाहुणे त्याला नमस्कार करू लागले. आम्ही तिकडचे लोक कोण, हे आता जगाला तो व्याही सांगत होता. मी तिला म्हटलं, “हे स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं झालं. खरं लिहून काढ.” ती म्हणाली, “खरं लिवलं तं त्याचं पुस्तक सुधरन. मंग माह्या हातात काय राह्यलं? आन् नाक माहं हाये.”

मला तिचा राग आला होता. त्याहून जास्त सरांचा आला होता.

तिचं लग्न आलापल्लीच्या जंगलखात्यातल्या माणसाशी झालं. काही वर्षांनी तिकडच्या तापाने तिला धरलं. मी भेटायला गेले तेव्हा ती वाळून काठी झाली होती. आई, काकी आणि त्यांच्या वेळच्या जाणत्या बाया तोवर गेल्या होत्या; गावात नव्या सुना पुस्तकातलीच नावं घेत होत्या. खरं जाणणारी ती एकटी उरली होती. मी तिच्या खाटेशी बसले आणि अक्षरशः पाया पडले. “मला तरी सांग. मी लिहून ठेवीन, कुणाला दाखवणार नाही.”

“तू दाखवशीन,” ती म्हणाली. “तू चांगली हायेस.” मग तिने विचारलं, “सर जिते हायेत काय?”

“हो.”

“मंग नाई सांगत,” असं म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच पावसाळ्यात ती गेली. सर त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.