सायलेन्सर माझा, समजावला साहेबांना

मसाल्याच्या डिलिव्हरीसाठी मी सेकंडहँड व्हॅन घेतली, तेव्हा विकणाऱ्याशी तीन दिवस घासाघीस केली होती. लालबागचा गाळा माझा, गाडी माझी, लायसन्सही माझंच. नवऱ्याला सायकलसुद्धा उतारावरच जमते. तरी रे रोडच्या गॅरेजवाल्याने अख्खा सायलेन्सर समजावला तो नवऱ्यालाच. हा राग मी अजून सोडलेला नाही.

गाडी फटफट आवाज करत होती आणि सीटखालून येणाऱ्या धुराने माझं डोकं दुखायचं. मी दिवसभर मिरच्यांच्या ठसक्यात उभी असते. माझं डोकं उगाच दुखत नाही.

गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं, हात पुसले आणि तो माझ्यामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळला.

"साहेब, इंजिनातला जळका धूर पहिला या पाइपात येतो. मधल्या डब्यात साफ होतो. मग मागच्या सायलेन्सरमध्ये नळ्यानळ्यांतून फिरतो, तिथे आवाज मरतो. तुमचा सायलेन्सर सडलाय. पूर्ण लाइन बदलावी लागेल."

नवरा कीर्तनाला बसल्यासारखी मान डोलवत होता.

"आवाज पुढून येतोय," मी म्हणाले.

"ताई, आवाज घुमतो." आणि लगेच नवऱ्याला, "साहेब, जरा गाडी चालू करता का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

पूर्ण लाइन मी बदलणार नव्हते, आणि दुसऱ्याला दिलेल्या भाषणावर तर नाहीच नाही. कुकरची शिट्टी नीट बसवूनही वाफ सुटली, तर आपण रबर बघतो, नवा कुकर आणत नाही. मी तिथलंच एक जाड फडकं भिजवलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"अहो, मागच्या नळीच्या तोंडावर हे दाबून धरा."

"मी?"

"मग? समजावलंय तुम्हालाच ना?"

मी गाडी चालू केली. धुराची वाट अडवली की तो दुसरी शोधतो. मागचा सायलेन्सर सडला असता, तर तिथेच फुसफुसलं असतं. तिथे शांत. फुसफुस आली बरोब्बर माझ्या सीटखालून, इंजिनाला पहिला पाइप जोडलेला असतो तिथून. मागे नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर काळं पाणी उडत होतं. खरं सांगते, ॲक्सिलरेटर मी एकदा गरज नसताना दाबला.

गॅरेजवाला सीटखाली कान लावून उठला.

"साहेब, जोडाचं गॅस्केट गेलंय. तेवढंच बदलू."

साहेब! मी गाडी बंद केली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. व्हॅन त्याच्या गॅरेजच्या दारात आडवी उभी होती.

"आता गाडी हलणार नाही. सायलेन्सर कसा चालतो ते आधी मला सांगा. पहिल्यापासून."

"ताई, तुम्हाला तर सगळं कळलंय."

"कळलंय. तरी सांगा."

मागून एक टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. गॅरेजवाला मुकाट्याने उकिडवा बसला आणि बोटाने दाखवत सांगू लागला. इंजिन, जोड, पहिला पाइप, सायलेन्सर. या वेळी माझ्याकडे बघून. मी उगाच दोन प्रश्नही विचारले. जिवाला गार वाटलं.

शर्ट पिळत उभा असलेला नवरा मध्येच म्हणाला, "मधला डबा राहिला."

गॅरेजवाल्याने चटकन वर पाहिलं.

"सॉरी, साहेब."