सावल्या नसलेला उतार

काचवाल्याचा उजवा डोळा गेला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. दुकानासमोर टेम्पोतून एक मोठी काच उतरवत होते. एक कड त्याच्या हातात, दुसरी मेहुण्याच्या. मेहुण्याची बेकरी पलीकडच्या चौकात. भट्टीचं काम आटोपलं की तो बहिणीच्या नवऱ्याला हात लावायला यायचा. त्या दिवशी त्याच्या हातातली कड सुटली, काच पायरीवर आपटली आणि एक तुकडा वर उडाला.

दवाखान्यातून घरी आल्यावर काचवाल्याला नव्याने शिकावं लागलं. चहा कपात ओतायला जावा, तर तो बशीच्याही बाहेर पडायचा. दारातून जाताना खांदा चौकटीला लागायचा. "दिसतं सगळं," तो आम्हा गल्लीतल्यांना सांगायचा, "फक्त किती लांब आहे ते कळत नाही." गंमतही करायचा. म्हणायचा, "नेम धरताना एक डोळा मिटायचे कष्ट वाचले." आम्ही हसायचो. त्याची बायको मात्र काहीतरी निमित्त काढून आत जायची.

सगळे एकच म्हणायचे, यात कुणाचा दोष नाही, व्हायचं होतं ते झालं. काचवालाही तेच म्हणायचा. मेहुणा मान खाली घालून ऐकायचा. मग त्याचं येणंच कमी झालं. बहिणीसाठी ताजे पाव आणायचा ते दाराच्या कडीला पिशवी अडकवून परत फिरायचा. ती बिचारी मधल्या मधे. एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ, आणि दोघंही तिच्याशी गोड बोलायचे. भांडले असते तर बरं, असं ती एकदा माझ्या बायकोपाशी बोलली होती.

अपघाताआधी हे दोघे दरवर्षी डोंगरातली सायकल शर्यत करायचे. उजाडताना निघायचं, दोन डोंगर चढून उतरायचे आणि दिवस मावळायच्या आत पलीकडच्या गावात पोचायचं. बक्षीस त्यांना कधी मिळालं नाही, त्याची अपेक्षाही नसायची. अपघातानंतर तिसऱ्या वर्षी काचवाल्याने माळ्यावरची माउंटन बाइक खाली काढली आणि टायर बदलले. सुट्टीच्या दिवशी तो गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊ लागला. पडला, खरचटला, पुन्हा गेला. त्याला एक युक्ती सापडली होती: सावल्या वाचायच्या. उंचवट्याची सावली बाहेर पडते, खड्ड्याची आत राहते. दगड जितका उंच, तितकी सावली लांब.

शर्यतीत नाव दिल्याचं त्याने घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "एकच राहिलाय."

"माहीत आहे."

"काय करायचं ते करा मग." आणि संध्याकाळी ती बेकरीत गेली. भावाला म्हणाली, "तू त्यांच्याबरोबर जा." मेहुणा अपघातानंतर सायकलवर बसलाच नव्हता. पोटही सुटलं होतं. तरी तो नाही म्हणाला नाही.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि ते जुळतं.

पहिला डोंगर छान गेला. ऊन स्वच्छ होतं, सावल्या ठसठशीत होत्या. दुसऱ्याच्या चढावर मेहुण्याच्या छातीचा भाता फुलला. काचवाला पुढे जाऊन थांबायचा. खिंडीत पोचले आणि आभाळ भरून आलं. बघता बघता सगळ्या सावल्या गेल्या. काचवाल्यासमोरचा उतार कुणी करडं कापड टांगून ठेवावं तसा सपाट झाला. त्यात दगड होते, पण जवळचा कुठला आणि लांबचा कुठला ते कळेना. थोडं अंतर गेला आणि पुढचं चाक अडकून हातांवर आपटला.

"माझ्यामागे या, भावोजी," मेहुणा म्हणाला. "मी सांगतो."

तो पुढे जाऊन ओरडत राहिला. डावीकडे दगड. आता घसरण. ब्रेक धरा. काचवाला त्या आवाजावर सायकल चालवत होता. पण एखादा दगड सांगायचा राहिला आणि मागे धक्क्याचा आवाज आला की मेहुणा म्हणायचा, "चुकलो, भावोजी." पुन्हा धक्का, पुन्हा "चुकलो." असं बऱ्याचदा झाल्यावर काचवाला थांबला आणि सायकलवरून उतरला.

"किती वेळा म्हणशील?"

मेहुणाही थांबला.

"काच तुझ्या हातून सुटली," काचवाला म्हणाला. "मी इतके दिवस म्हणत आलो की कुणाचा दोष नाही. खोटं होतं ते. सुटली तुझ्याच हातून. मला राग होता. अजूनही थोडा आहे."

मेहुणा सायकल तशीच टाकून वाटेच्या कडेला बसला आणि रडला. मागून येणारे सायकलस्वार बाजूने जात होते. एकाने काही मदत हवी का म्हणून विचारलं, काचवाल्याने हाताने नको सांगितलं. बऱ्याच वेळाने मेहुणा म्हणाला, "कुणीतरी म्हणायला हवं होतं. सगळे समजूत घालत होते. मी ताईला घरात तोंड दाखवू शकत नव्हतो."

"आता दाखव. तू हो पुढे."

"तुम्हाला सोडून?"

"मी पायी उतरतो. तुझ्या आवाजाकडे कान लावून मला उतरायचं नाही, आणि तुलाही ते ओझं नको."

मेहुणा गेला. काचवाला सायकल हातात धरून पायी उतरला. प्रत्येक पाऊल टेकवून, चाचपून. अर्ध्या वाटेत पाऊल टाकायची भीती गेली, पण सायकलवर बसायचा मोह त्याने होऊ दिला नाही. राहिलेल्या डोळ्याचा विचार मनात होताच, असं तो सांगतो.

पायथ्याशी शर्यतीच्या चौकीवर पोचला तेव्हा ठरलेली वेळ टळून गेली होती. तिथल्या बाईने हळुवारपणे त्याच्या सायकलवरचा क्रमांक सोडवून घेतला. "मागच्या गाडीत बसा. तुमची नोंद आता होणार नाही."

"पुढचा रस्ता बंद आहे का?"

"रस्ता काय, सगळ्यांचा आहे."

राहिलेला रस्ता डांबरी होता. तो एकटाच सायकलवरून पलीकडच्या गावात आला. तोवर मंडप उतरवायला सुरुवात झाली होती. बायको रस्त्याच्या कडेला उभी होती, भाऊ तिच्याशेजारी. भाऊ एकटाच आलेला बघून ती आधी त्याच्यावर खेकसून झाली असावी, कारण तिचा आवाज बसला होता. तिने नवऱ्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डावा डोळा धुळीने लाल झाला होता. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिने तो धुतला, पदराने टिपला.

"मला वाटत होतं, शर्यतवाल्यांनी तुम्हाला वाटेतच अडवावं," ती म्हणाली. "सकाळपासून तेच मागत होते."

"अडवलं ना," काचवाला म्हणाला. "पण मग रस्ता होता."

परतीच्या बसमध्ये तिघं एकाच बाकावर दाटीवाटीने बसले. मेहुणा खिडकीपाशी झोपून गेला आणि त्याचं डोकं पुन्हा पुन्हा बहिणीच्या खांद्यावर येत राहिलं. तिने ते बाजूला केलं नाही.