घसा जळायचा तो दुपारीच

मोठ्या रासायनिक कारखान्यातली पक्की नोकरी सोडून मी स्वतंत्र सल्लागार झाले, तेव्हा कोरेगावला वडिलांनी विचारलं, "म्हंजी आता तू नक्की करणार काय?" फौजेतून निवृत्त झालेला माणूस, उत्तर एका वाक्यात हवं. मी म्हणाले, "कामावर माणसं जी हवा नाकात घेतात, ती तपासणार." "मग नीट तपास," एवढंच बोलले.

पहिलं काम मिळालं पलूसजवळच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. सोनेरी रंग यावा म्हणून तिथं एका बंद खोलीत बेदाण्याला गंधकाची धुरी देत. शेडच्या दुसऱ्या टोकाला बायका माल निवडत बसायच्या. त्यांना खोकला लागायचा, डोळे चुरचुरायचे. मालक माणूस वाईट नव्हता. "खोली एवढी लांब हाय मॅडम, गॅस तिथवर येणार कसा? धूळच असणार," हेच त्याचं म्हणणं.

सकाळभर मी गॅस मोजायचं मीटर घेऊन फिरले. काही म्हणजे काही सापडलं नाही. पहिलंच काम आणि हात रिकामे! जेवायला बायकांतच बसले. त्यांतल्या सगळ्यात जुन्या मावशी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "सकाळचं काय मोजताय? सकाळी काय बी हुत न्हाई. दुपारी वारं फिरलं की घसा जळतो बघा."

वारं फिरलं की! मी डबा तसाच ठेवून उठले.

धुरीच्या खोलीतला गॅस बाहेर काढायला मागच्या भिंतीत पंखा होता, आणि तो जेवणानंतरच सुरू व्हायचा. मास्क चढवला, मालकाच्या देव्हाऱ्यातला उदबत्तीचा पुडा मागून घेतला आणि शेडमागं गेले. पंख्याच्या तोंडाशी पेटत्या उदबत्त्यांचा जुडगा धरला. धूर बाहेर फेकला गेला, हातभर वर चढला आणि वाऱ्यानं असा रेटला की भिंतीला चिकटून सरकत सरकत थेट बायकांच्या खिडक्यांत शिरला!

मी धावत आत गेले. खिडकीपाशी मीटरचे आकडे भराभर चढत होते. "सापडलं!" मी केवढ्यांदा तरी ओरडले. पंखा बंद करायला लावला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मालकाला मागं नेऊन तो धुराचा रस्ता दाखवला. तो बघतच राहिला. "आयला, म्हंजी आपणच बाहेर टाकतोय न् आपणच आत घेतोय की!"

तिथल्या तिथे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी आकृती काढली. पंख्याला धुराडं जोडून ते छपराच्या बरंच वर न्यायचं, पंखा चालेल तोवर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवायच्या. घाईत रेघा वाकड्या आल्या, पण मालकानं त्याच आठवड्यात काम उरकलं.

पुन्हा मोजायला गेले ती मुद्दाम दुपारी. वारं फिरलं, पंखा सुरू झाला. मी श्वास रोखून मीटरकडे बघत होते. आकडा जागचा हलेना. मावशी म्हणाल्या, "आवं, ते मोजायचं ऱ्हाऊ द्या. ऐका की."

मी ऐकलं. शेडभर नुसत्या गप्पा चालल्या होत्या. कुणीही खोकत नव्हतं.

"माझी सून सांगलीला हळदीच्या गिरणीत हाय," मावशी पुढं म्हणाल्या. "लय धूळ उडती तिथं. कवा जाताय?"

तिथून मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीच्या एसटीत मीटर मांडीवर घेऊन बसले होते.