मंजुरीविना जोडणी

ऐंशीच्या दशकात मी बेलापूरला, नव्या शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात कारकून होतो. आमच्या इंजिनिअर साहेबांच्या मानेवर गाठ आली, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "ही गाठ शेजारच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडते. मग त्यांच्या अस्तरातल्या पेशी वाढत, सरकत येतात आणि थेट गाठीपर्यंत नवी वाहिनी टाकतात."

म्हणजे गाठ साहेबांपेक्षा कामसू निघाली.

साहेबांनी विचारलं, "कोणाच्या मंजुरीनं?"

डॉक्टरांना वाटलं, पेशंट घाबरलाय. पण साहेब खरंच विचारत होते. ज्या गावाची शेतं घेऊन हे शहर उभं राहिलं, त्याच गावाचा नळाचा अर्ज त्यांनी चार वर्षं 'चर्चा करावी' असा शेरा मारून फिरवला होता. चर्चा कोणी कोणाशी करायची, ते शेऱ्यात नसायचं. शेवटी गावानं आमच्या पाइपला भोक पाडून पाणी नेलं.

"मग आधी तिचा पुरवठा तोडा ना," साहेब म्हणाले.

"तसं औषध अजून निघालेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

गावाचं पाणी तोडायला मात्र याच साहेबांना एक दुपार पुरली होती.