उतारावर इंजिन बंद

पेट्रोलचा भाव वाढला की आमच्या घरात सुतक लागायचं. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत हे सुतक सारखंच लागत होतं. रेडिओवरची बाई संध्याकाळच्या बातम्यांत अगदी थंडपणे सांगायची, की आज मध्यरात्रीपासून पेट्रोल महाग. तिचं काय जातंय! इकडे आमचे हे भाताचा घास हातात धरून माझ्याकडे असे बघायचे, जसा काही भाव मीच वाढवलाय. मग ताट तसंच टाकून आम्ही पंपावर. तिथे अर्धं गोरेगाव आमच्याआधी येऊन उभं असायचं, आणि रांगेतला प्रत्येक जण सरकारचा उद्धार करत असायचा. मीही करायचे. माझ्या शिव्या शाळेत शिकवायच्या लायकीच्या नव्हत्या, आणि मी शिकवायचे शाळेत.

आमची गाडी हौसेची नव्हती. मुलुंडच्या कारखान्यात ह्यांचा डावा पाय यंत्राच्या रुळाखाली गेला होता. पाय वाचला, पण गुडघ्यातून वळेना. मालकांनी माणुसकी दाखवून तपासणी खात्यात बसून करायचं काम दिलं. पण गोरेगावहून मुलुंडला पोचायचं कसं? बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, लोकलचं तर नावच नको. टॅक्सी, रिक्षा रोज परवडणार नव्हती. म्हणून जुनी, कुणीतरी वापरून कंटाळलेली गाडी घेतली, आणि ह्यांना क्लच दाबता येत नाही म्हणून चालवायला शिकले मी. माझी शाळाही मुलुंडचीच. थोडक्यात, गाडी चालली तर ह्यांची नोकरी चालणार, इतकं सरळ होतं ते. बायको चालवतेय आणि नवरा शेजारी बसलाय, हे बघायला सुरुवातीला बिल्डिंगच्या गॅलरीत माणसं उभी राहायची. नंतर सवय झाली त्यांना.

आमचा रस्ता आरे कॉलनीतून. एका बाजूला गवताची कुरणं, दुसऱ्या बाजूला म्हशींचे तबेले, आणि रस्ता सतत वर-खाली. चढ आला की गाडी धापा टाकायची, उतार आला की आपोआप पळायची. ह्या उतारांतच ह्यांना बचतीचा मार्ग सापडला. चढ संपला की मी गिअर काढायचे आणि म्हणायचे, "घ्या." हे चावी फिरवून इंजिन बंद करायचे. आमच्या गाडीची चावी झिजलेली होती, बंद केली की आपोआप निसटून पायाशी पडायची आणि मग शोधत बसा. म्हणून हे चावी बंद करून लगेच बाहेर काढायचे आणि मुठीत धरून ठेवायचे. पूर्ण उतार आम्ही बिनआवाजाचे जायचो. खाली पोचलो की हे चावी घालून फिरवायचे, मी गिअर टाकून क्लच सोडायचे, आणि एक गचका देऊन इंजिन सुरू. दर उतारावर हेच. मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते, की आमच्यासारखा चिंगूस माणूस शोधून सापडणार नाही, हा माणूस उताराचंसुद्धा व्याज घेतो. हे हसायचे.

भाव आणखी वाढला तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांशी भागीदारी ठरली. काका मालवणकडचे, आधी गिरणीत होते, आता कांजूरमार्गच्या एका कंपनीत सुपरवायझर. आखातातल्या मुलाने पैसे पाठवले, वर्षानुवर्षांचं बुकिंग फळाला आलं आणि त्यांच्या दारात कोरी करकरीत गाडी उभी राहिली. आणि ती रस्त्यावर आणायची वेळ आली तेव्हा पेट्रोलने हे असं केलेलं. काकांचं तोंड कडू झालं होतं. मग ठरलं, एक आठवडा आमची गाडी, एक आठवडा त्यांची. त्यांच्या आठवड्यात काका चालवणार, हे पाय लांब करता यावा म्हणून पुढे बसणार, मी मागे.

त्यांच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी काकांनी गाडीची सगळी अंगं दाखवली. "ह्या बघ," त्यांनी ह्यांना सांगितलं, "चावी भायर काढलस की चाकाक कुलूप. स्टेरिंग फिरणाच नाय. चोर आत येऊन करतलो काय? डोक्यार हात मारून बसतलो!" आम्ही दोघांनी कौतुक केलं. आमच्या म्हाताऱ्या गाडीत असलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरेतला पहिला मोठा चढ संपला. आमच्या आठवड्यात बघितलेली उताराची युक्ती आता काकांनाही आवडली होती. पेट्रोल वाचणार म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही? त्यांनी गिअर काढला आणि म्हणाले, "बंद कर रे."

ह्यांनी चावी फिरवली. आणि काढली.

मी मागे बसून वह्या तपासत होते. मला फक्त ह्यांचा हात मुठीसकट मांडीवर येताना दिसला, रोज यायचा तसाच. मला काहीही वाटलं नाही. रोजची गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती, आणि ती गाडी वेगळी आहे हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हतं.

पुढे रस्ता डावीकडे वळत होता. काकांनी स्टीयरिंग जरा फिरवलं, आणि आत कुठेतरी खट् झालं. त्यांनी आणखी जोर लावला.

"वळणा नाय!" काका ओरडले. "वळणा नाय रे! चावी! चावी खंय आसा?"

चावी ह्यांच्या मुठीत होती. ह्यांनी ती भोकात घालायला हात पुढे केला, पण चावी नुसती आजूबाजूला लागत होती. गाडी सरळ चालली होती आणि रस्ता डावीकडे चालला होता. आणि समोर, कच्च्या कडेने, दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन आमच्याकडे पाठ करून चालत होत्या. गाडीला आवाजच नव्हता. त्यांना कळणार कसं?

मी किंचाळले. काय किंचाळले ते माहीत नाही. काकांनी हॉर्न दाबला तो वाजलाच नाही, कारण चावीच नव्हती. मग दोन्ही पाय ब्रेकवर. एका बाईने मागे वळून बघितलं, दुसरीला धक्का दिला आणि भारे टाकून दोघी कुरणात पळाल्या. गाडी त्यातल्या एका भाऱ्यावर चढली, तो तसाच पुढे रेटत नेला आणि पुढचं चाक गटारात घालून थांबली.

तबेल्यातल्या म्हशी रवंथ करत आमच्याकडे बघत होत्या.

गवताच्या बायका परत आल्या. ज्या बाईचा भारा गाडीखाली होता ती काकांच्या खिडकीशी येऊन, कमरेवर हात ठेवून, जे सुनावायचं ते सगळं सुनावून मोकळी झाली, आणि काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी खाली उतरले. ते चेपलेलं गवत बघितलं. एका क्षणापूर्वी त्या गवताच्या खाली माणूस होतं. मी तिथेच कडेला बसले.

हे गाडीतच होते. काका त्यांना काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, पण नाही बोलले, हे त्यांचं मोठेपण. ते फक्त म्हणाले, "उतर आता. पाय दुखावलो काय?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी कारखान्यात साहेबांना सांगून ठेवलंय."

"काय?"

"पेट्रोलचा खर्च माझ्या अर्ध्या पगारावर गेला की मी कामावर यायचा थांबणार. घरी बसून काहीतरी बघेन. तुझं काय, तू बसने जाशील. पेट्रोल लागतं ते माझ्या पायाला."

मला वाटलं, अपघाताने ह्यांचं डोकं फिरलंय. "कधी सांगितलंत?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधी."

गणपती होऊन दिवाळीसुद्धा गेली होती. म्हणजे इतके महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून, दर उतारावर चावी मुठीत घेऊन, तो दिवस थोडा थोडा पुढे ढकलत होता. आणि मी बिल्डिंगभर त्यांच्या चिंगूसपणाचे विनोद करत होते, आणि हे हसत होते. अपघातापेक्षा हा धक्का मोठा होता. आणि मग नुसता संताप आला.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांना कधी मी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. त्या दिवशी भर रस्त्यात, काकांसमोर, त्या बायकांसमोर ओरडले, "अरे, पाय तुझा असेल! पण गाडी मी चालवते ना? रोज मी चालवते ना? मला विचारलंस?"

काकांनी तोंड फिरवलं आणि ते गटारातल्या चाकाकडे बघत राहिले.

ह्यांनी मूठ उघडून चावी समोर डॅशबोर्डवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "नाही विचारलं."